पाय ठेवायला जागा

पिठात रुतलेला तो हात गुलाबी होता. पाचही बोटं एकमेकांना चिकटलेली, तळवा वर... महजबीन डब्याचं झाकण धरून तशीच बघत राहिली. बाहुलीचा हात. कोपराच्या वर काही नाही, नुसती एक पोकळ गोल कड आणि त्या पोकळीत ज्वारीचं पीठ दाटून बसलेलं. काल हंड्याच्या तळाशी मोटारीचं चाक निघालं होतं, परवा साखरेत शिट्टी – आणि आज हा; आता पीठ चाळायचं, का वरचं वाटीभर काढून टाकायचं, का हात झटकून, जणू काही निघालंच नाही अशा थाटात भाकरी थापायला बसायचं... ती चाळण घ्यायला वळली. चाळण खिळ्यावर नव्हती. चाळण पाटाखाली होती आणि तिच्यात तीन प्लास्टिकचे हत्ती शेजारी शेजारी निजवले होते.

"तमन्ना!"

मागच्या खोलीत काहीतरी घरंगळलं आणि एकदम शांत झालं. चार वर्षांच्या पोरीची शांतता – ती आरडाओरड्यापेक्षा वाईट.

आजच्या दिवशी तरी नको, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं की आजच्या दिवशी नाही तर कधी, आज तर सगळंच व्हायचं होतं. संध्याकाळी जाहेदाबी येणार होत्या. सासूबाई. सुरतेहून, थोरले दीर मुनव्वरभाई यांच्या गाडीतून, चार महिन्यांनी, मोडलेल्या खुब्यात लोखंडी दांडा घालून. मुनव्वरभाईंनी काल फोनवर सांगितलं होतं, पलंग भिंतीला लावून ठेव, आणि पलंगापासून मोरीपर्यंत वाट मोकळी पाहिजे, वॉकरचे चार पाय मावतील एवढी. एवढी म्हणजे केवढी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ज्याच्या घरात वाटा मोकळ्या असतात त्याला हे सांगावं लागतं असं सुचतच नाही.

आणि जाहिद? जाहिद सकाळी साडेसातला इंद्रसिंगच्या टेंपोत पोती टाकून धानोऱ्याच्या बाजाराला निघून गेला. टेंपोचा हॉर्न वाजत असताना, एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, म्हणाला, "मैं आके करता ना. बाजार से आके. तू हात मत लगा, माल की लाइन बिगड जाती."

माल की लाइन! तिला हसू यायला हवं होतं. मागच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत खोकी, खोक्यांवर पोती, पोत्यांवर फुगवलेल्या पाकिटांचे गठ्ठे – चावीच्या गाड्या, पिपाण्या, भिंगऱ्या, बंदुका, भातुकलीचे संच, सारंगखेड्याच्या यात्रेतून उरून परत आलेले डोलणारे घोडे – आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी जाहेदाबींचा पलंग. अम्मी सुरतेला गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या पलंगावर पहिलं पोतं चढलं. नुसतं टेकवतो, जाहिद म्हणाला होता. दोन दिवसांसाठी.

या घरात खेळण्यांचे दोन प्रकार होते: माल आणि खेळणं. माल म्हणजे पाकिटातलं, विकायचं, हात लावायचा नाही. खेळणं म्हणजे मालातलं जे मोडलं ते – एका डोळ्याची बाहुली, चाक नसलेली रेल्वे, किल्ली फिरते पण चालत नाही असं माकड. मोडलं की ते मुलांचं. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप पडत गेली, आणि तिची राखण करायचं काम महजबीनच्या गळ्यात आलं. मत छू. वो माल है. वो अपना नहीं. दिवसातून किती वेळा? स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरांना, बाजारात परक्याच्या पोरांना सांगावं तसं... आणि पोरं काही बहिरी नव्हती. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तौहिद ओट्यावर एकटाच बसून एका निळ्या बंदुकीचा घोडा परत परत ओढत होता. चिडून नव्हे, अगदी शांतपणे, पाढा पाठ करावा तसा. शेवटी आतली स्प्रिंग कटकन तुटली. मग तो उठला, बापाकडे गेला आणि बंदूक पुढे धरून म्हणाला, "अब्बू, ये डॅमेज है." आठ वर्षांचा पोरगा. जाहिदने न बघताच सांगितलं, रख ले. तौहिदने आईकडे पाहिलं, आईने तौहिदकडे. त्याने या घराचा कायदा तिच्याआधी ओळखला होता.

तिने भाकऱ्या टाकल्या. पीठ चाळूनच घेतलं. हात धुतले, ओढणी कमरेला खोचली आणि मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हवेत पथारींवर, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर, वाळणाऱ्या मिरचीचा ठसका होता, थंडीच्या दिवसांत सगळ्या नंदुरबारावर असतो तसा, आणि त्यात प्लास्टिकचा गोडसर वास. कुठून सुरू करायचं? पसाऱ्याला टोक नसतं. धाग्याला असतं, दोरीला असतं; पसाऱ्यात जिथे हात घालाल तिथे तो मध्येच असतो.

पसारा घर में नहीं होता, औरत में होता – जाहेदाबी म्हणायच्या. तिला उद्देशून कधीच नाही. हवेला उद्देशून, भिंतीला उद्देशून, कधी कधी मांजराला. आणि त्यांना तो अधिकार होता, हे कबूल करावं लागत होतं, कारण त्यांच्या राज्यात या घरात पसारा नव्हता. तेव्हा धंदा बांगड्यांचा. पिढ्यान् पिढ्या मणेर. जाहेदाबी स्वतः डोक्यावर पेटी घेऊन कोरीट गावापर्यंत पायी जायच्या, ओट्याओट्यावर बसून बायकांचे हात भरायच्या. बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहात नसत, मनगटं राहात. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी महजबीनचा हात हातात घेतला – मायेने की मापाने, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. अंगठा आत दुमडला, चार बोटं जुळवली, आणि दाबत राहिल्या. "हड्डी बडी है," म्हणाल्या, "पर हात नरम है. चढ जाएगी." आणि चढवली. एकही न फुटता डझनभर. त्या वेळी दुखलं होतं का? आठवत नाही. त्यांच्या बोटांची ऊब मात्र आठवते. या भिंतीवर बांगड्या सुतळीत ओवून टांगलेल्या असत, मापाप्रमाणे, रंगाप्रमाणे. बांगडीला जागा लागत नाही, ती दुसरीच्या अंगाला अंग लावून बसते. खेळण्याचं तसं नाही. प्रत्येक खेळण्याला स्वतःचं हवेनं फुगलेलं पाकीट पाहिजे, स्वतःचं खोकं पाहिजे, खोक्यात अर्धी हवाच. जाहिदने धंदा बदलला तेव्हापासून आपण हवा रचतोय, तिला वाटलं. हवेला जागा आहे, माणसाला नाही.

तिने पहिलं पोतं ओढलं.

नऊ वाजता सुरुवात केली. साडेदहापर्यंत दारामागची खोकी पुढच्या खोलीत गेली, एकावर एक, पार पंख्याच्या पात्यांच्या उंचीला. दोन पोती ओट्यावर गेली, त्यांवर निळी ताडपत्री. धूळ नाकात, घशात. मधून मधून राग असा उसळायचा की हातातलं खोकं तिथेच आपटावं. पण त्यात शिट्ट्या होत्या, आणि आपटलं की फुटतील, आणि फुटल्या की त्या मुलांच्या होतील, आणि मग दिवसभर शिट्ट्या... राग काढायलाही या घरात जागा नाही. जाहिदला तिने दोनदा फोन लावला. वाजत राहिला. बाजारात पिपाण्या वाजवून दाखवणाऱ्या माणसाला खिशातला फोन काय ऐकू येणार!

"काय वं महजबीन, सक्कायपासून काय ठोकाठोक चालू शे?"

शेजारच्या अनुसयाबाई. कमरेवर हात ठेवून दारात. साठीच्या, पण अंगाने दणकट. जाहेदाबींच्या बरोबरीच्या मैत्रीण, आणि म्हणून महजबीनला त्यांच्यासमोर नेहमी थोडं तपासलं गेल्यासारखं वाटायचं.

"अम्मी येणार आहेत आज. पलंग मोकळा करतेय."

"आन् एकलीच? माले हाक का नही मारी?" त्या आत आल्या, आणि पलंगावरचा ढीग बघून कपाळाला हात लावला. "कितला माल शे वं हाऊ! यात्रा घरमाच भरनी का काय?"

दोघींनी मिळून पलंगावरचे गठ्ठे उतरवले. डोलणारे घोडे अनुसयाबाईंनी दोन्ही काखांत घेतले आणि स्वतःच्या घरी नेऊन ठेवले, न विचारता. परत आल्या, आणखी चार खोकी नेली. पलंग भिंतीकडे सरकवताना म्हणाल्या, "आसा नको. पलंगनं तोंड दरवाजाकडे ठेव. मोडेल हाडले उजेड लागस." मग काठावर टेकून, पदराने गळा पुसत, सहज – अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं – म्हणाल्या, "तुन्ही पोरना भवरावरच पाय पडना व्हता ना तिना? आते तरी आवरी ठेव बाई."

महजबीन वाकली. वाकायचं काहीच कारण नव्हतं, पण ती वाकली आणि पलंगाच्या पायाखालचं विटेचा तुकडा नीट करत बसली.

तमन्ना दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. पाठीमागे दोन्ही हात. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे.

भोवरे... नाही, आत्ता नको. आत्ता पलंग. आत्ता चादर, उशी, मोरीपर्यंतची वाट. अनुसयाबाई गेल्या, बारा वाजले, तौहिद शाळेतून आला, दप्तर टाकायची रोजची जागा सापडेना म्हणून दप्तर धरूनच उभा राहिला आणि मालाकडे बघून म्हणाला, "अब्बू को बताऊँगा." तिने त्याला ताटात भाकरी वाढली. तो जेवला, आणि मग, काही न बोलता, पाकिटांचे गठ्ठे एकेक करून पुढच्या खोलीत नेऊ लागला. गाड्यांच्या शेजारी गाड्या, बाहुल्यांच्या शेजारी बाहुल्या. माल की लाइन. बापाची बोलणी आईला बसू नयेत म्हणून, की बापावरच्या निष्ठेने? त्याच्या पाठमोऱ्या, बारीक मानेकडे बघून तिला काही ठरवता येईना.

भोवरे.

सप्टेंबरची सकाळ होती ती. जाहिद असाच घाईत, असाच टेंपोचा हॉर्न. त्याने पोतं ओढलं, आतलं एक पाकीट फाटलं आणि छोटे रंगीत भोवरे उंबऱ्यापासून मोरीपर्यंत घरंगळत गेले. त्याने मागे वळून पाहिलंही नाही. मी पाहिलं. मी चहाचा कप घेऊन येत होते, आणि मी पाहिलं – लाल, पिवळे, दोन हिरवे, एक मोरीच्या कडेला अजून गरगरत होता. आणि मी ओलांडून गेले. वाकायला किती वेळ लागतो? पण मी म्हटलं, नाही. आज नाही. रोज मीच का? ज्याने सांडले तो उचलेल, नाहीतर पडू देत संध्याकाळपर्यंत, दिसू देत त्याला. साडीचा... नाही, ड्रेसचा घोळ वर उचलून मी त्यांच्यावरून पाय टाकला, अगदी जपून, आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीने चहा प्यायले, आणि त्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे, कारण तो चांगला लागला होता. मग तो आवाज. पडण्याचा नाही – पडण्याचा आवाज लहान होता. त्यानंतरचा.

लोक धावले, अनुसयाबाई धावल्या, जाहिदला अर्ध्या वाटेतून बोलावलं. कुणीतरी जमिनीवरचा हिरवा भोवरा उचलला आणि म्हटलं, पोरांची खेळणी! – आणि तेच ठरलं. पोरांची, म्हणजे तौहिद तर शाळेत होता, म्हणजे तमन्नाची. जाहिद म्हणाला, तू उठाती नहीं ना कभी. महजबीन भांडू शकली असती, म्हणू शकली असती की तो माल होता, तूच सांडलास... पण मग पुढचा प्रश्न आला असता: तू कुठे होतीस? आरोप खोटा होता आणि दोष खरा होता. अशा माणसाने कसं भांडायचं?

तीन वाजता तिने एक रिकामं पोतं घेतलं आणि मोडकं सगळं त्यात भरायला सुरुवात केली. खेळणं, माल नव्हे. एका डोळ्याची बाहुली, रेल्वे, माकड, हत्ती. ही उद्या सकाळी घंटागाडीत. पोरं रडतील तर रडू देत. ती रडण्याची वाटच बघत होती, उत्तरंही तयार होती तिच्याजवळ, दुपारभर तासून ठेवलेली. तौहिद ओट्यावर पेंगत होता. तमन्ना आली, पोत्यात डोकावली, गेली. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत एक चाक, एक पिपाणी आणि बाहुलीचा पाय होता. तिने ते पोत्यात टाकलं. परत गेली. या वेळी डाळीच्या डब्यातून एक बटबटीत डोळा. मग गादीच्या खोळीतून काहीतरी, मग मोरीतल्या फुटक्या बादलीखालून. ती कामाला लागलेल्या बाईसारखी गंभीरपणे ये-जा करत होती.

"ये सब तूने छुपाया था?"

तमन्नाने मान हलवली.

"आट्यात? शक्कर में? काय को?"

"नीचे नहीं रखने के," तमन्ना म्हणाली. आणि मग, आई अजून समजत नाही असं दिसल्यावर, जरा समजावणीच्या सुरात: "दादी गिर जाती ना मेरे खिलौने से."

महजबीन जमिनीवर बसली. चार महिने... चार महिने ही पोर घरभर भोकं शोधत हिंडत होती, पिठात, साखरेत, पाण्यात, जिथे कुणाचा पाय पोचणार नाही अशा जागा, आणि आपण रोज सकाळी चाळण हातात घेऊन तिच्या नावाने ओरडत होतो. तिने तमन्नाला ओढून जवळ घेतलं. पोरीच्या केसांत धूळ होती.

"तेरे खिलौने से नहीं गिरी दादी."

तमन्ना जरा मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उत्सुकता होती. "फिर किसके?"

उत्तर जिभेवर होतं. दोन शब्दांचं. समोर फक्त एक चार वर्षांचं पोर, आणि तिलाही ते सांगता येईना. ती म्हणाली, "जा, मुँह धो," आणि तमन्ना गेली, तोंड धुवायला, आज्ञाधारकपणे, प्रश्न तसाच बरोबर घेऊन.

चारच्या सुमाराला खोली झाली. महजबीनने फरशी पुसली, एकदा, पुन्हा एकदा. पलंग भिंतीला, तोंड दाराकडे, वर धुतलेली चादर. आणि पलंगापासून मोरीपर्यंत – नुसती फरशी. काही नाही. ओली, करडी, थोडी चमकणारी. ती फरशी या रंगाची आहे हेच ती विसरली होती. बसून बघावं म्हणून बसली, भिंतीला पाठ लावून, आणि पाय पुढे पसरले, पूर्ण, टाचा टेकेपर्यंत, आणि पायांना काहीही लागलं नाही. लग्नाला दहा वर्षं झाली. या घरात पाय असे पसरून आपण कधी बसलो होतो? श्वास आत गेला तो जरा जास्तच आत गेला, आणि तिला भीती वाटली, की हे सगळं आपण म्हातारीसाठी केलं असं आपण दिवसभर समजत होतो...

फोन वाजला. मुनव्वरभाई.

"हां महजबीन, सुन, आज का कॅन्सल. अम्मी नहीं आ रही."

डॉक्टर काय म्हणाले, शुगर किती, दांड्यापाशी सूज, पंधरा दिवस तरी अजून – ते सांगत होते आणि ती हं हं करत होती. आणि मग त्यांच्या आवाजाच्या मागून, लांबून, पण स्वच्छ, तो दुसरा आवाज आला, जो ती झोपेतही ओळखेल. "उस घर में पाँव रखने को जगा है क्या? फिर गिरूँगी मैं." मुनव्वरभाई ओशाळं हसले. म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नको, आजारी माणूस.

"जगा की मैंने," महजबीन म्हणाली. "आज की. पूरी खोली..."

"हां हां, अच्छा किया. जाहिद का फोन नहीं लगता, तू बता दे उसको." आणि फोन बंद झाला.

ती फोनकडे बघत राहिली. मग खोलीकडे. कुणीतरी बघावं! एक माणूस यावा, इथे उभा राहावा आणि त्याने म्हणावं की हो, जागा आहे. अम्मी, बघा ना – फोटो काढून पाठवला असता, पण फोटोत रिकामी जमीन कशी दिसणार, रिकामी जमीन म्हणजे फोटोत काहीच नसतं. आणि आता जाहिदला सांगायचं. तो म्हणेल, चल, मग बरं झालं, आज नवीन माल आलाय, दोन दिवसांसाठी इथे टेकवतो. नुसतं टेकवतो. तिला त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. दिवसभरातला सगळा राग जिथे जिथे सांडला होता तिथून परत गोळा होऊन तिच्या छातीशी आला, आणि तिथे येऊन, आश्चर्य म्हणजे, फुटला नाही. नुसता बसला.

जाहिद आला तेव्हा उजेड कलला होता. खांद्यावर एक पोतं, दुसरं इंद्रसिंगने ओट्यावर ठेवलं. तो सवयीने थेट मागच्या खोलीकडे आला, पोतं खांद्यावरच, आणि दारात थांबला.

"अरे..."

तिने वाट बघितली. लाइन बिगड गई, हे ऐकायची तयारी करून.

त्याने पोतं पुढच्या खोलीतच उतरवलं. चपला त्याने आधीच काढल्या होत्या, तरी पाय चौकटीशी पुसले. आत आला. पलंगापाशी गेला, तिथून वळला, दोन्ही मुठी पुढे धरून, वॉकर धरल्यासारखा, आईच्या चालीने, एक पाऊल, थांबा, एक पाऊल, मोरीपर्यंत गेला. तमन्ना खुदकन हसली. तो हसला नाही. पलंगाच्या काठावर बसला आणि चादरीवरून हात फिरवला.

"अम्मी को अच्छा लगेगा," तो म्हणाला. आवाज जरा बसलेला होता. दिवसभर ओरडून असेल. "अकेले ने किया सब?"

"अनुसयाबाई थीं. तौहिद भी."

"कितने बजे पहुँचेंगे?"

"निकले नहीं अभी," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. तिने ते शब्द निवडलेही नव्हते, ते आले. आणि आल्यावर परत बोलावता येईनात. सांगते, तिला वाटलं, पाणी देते आणि सांगते. ती पाणी आणायला वळली तेवढ्यात मागे जाहिदने तमन्नाला गुडघ्यांमध्ये धरलं आणि लाडाने, अगदी लाडानेच, म्हणाला, "अब दादी आएगी तो तू अपने लट्टू-वट्टू नीचे नहीं फेंकेगी, हां?"

तमन्नाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. नाही फेकणार.

"उसके नहीं थे," महजबीन म्हणाली.

"क्या?"

"लट्टू. उसके नहीं थे. माल के थे. तुमने पोतं ओढलं तब पाकीट फाटा था."

तो बघत राहिला. चेहऱ्यावर आधी वैताग, मग आठवण – पोत्याची, हॉर्नची. तिला ती आठवण त्याच्या डोळ्यांत चढताना दिसली, आणि इथे थांबता आलं असतं. इथे थांबलं असतं तर सगळं त्याच्यावर गेलं असतं, अर्धं तरी. ओट्यावरून तौहिद आत आला होता, दाराशी उभा होता.

"और मैंने देखे थे," ती म्हणाली. "सामने पडे थे. नहीं उठाए. जान के नहीं उठाए."

"जान के?"

"तुम्हारे ऊपर गुस्सा थी."

जाहिदने तमन्नाला हळूच बाजूला केलं. तो उठला आणि तिच्या अंगावरून, तिला धक्का लागू नये इतकं सरकून, बाहेर गेला. ओट्यावर ताडपत्री खसकन ओढल्याचा आवाज झाला.

महजबीन वाट बघत राहिली, हलकं वाटण्याची. चार महिने जे वाक्य ती मागे ढकलत आली होती ते बाहेर पडलं तर निदान आत थोडी जागा तरी होईल, असं तिने धरलं होतं. तसं काही झालं नाही. एक गेलं आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं होतं – येणार नाहीत. म्हणाल्या, पाय ठेवायला जागा नाही. हे आता कसं सांगायचं? आत्ता सांगितलं तर ते त्याच्या डोक्यात पहिल्याला जाऊन चिकटेल. आणि नाही सांगितलं तर आजच्यापुरती तरी ही फरशी... तिला स्वतःची लाज वाटायला हवी होती. ती शोधली, सापडली, पण तीही पाहुण्यासारखी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.

तमन्ना उठली. चार महिने ती या घरात खाली बघून चालत होती, हेही महजबीनला आत्ताच कळत होतं, कारण आत्ता ती वर बघत चालली होती – छताकडे, पंख्याकडे, तोंड उघडं टाकून – पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून पलंगापर्यंत. तौहिद दारातून तिच्याकडे बघत होता, मग आईकडे. त्याच्या नजरेत असं काही होतं की जणू घराचा एखादा कायदा कुणीतरी उलटा करून दाखवला होता आणि तो अजून वाचत होता.

ओट्यावर जाहिद फोनवर बोलायला लागला. आवाज खालचा. इंद्रसिंगशी असेल. किंवा सुरतेला. महजबीनने कान दिले नाहीत. कळलं तर कळू दे – विचार इतका सरळ आला की ती चपापली. आणि मग तिने आपला राग चाचपून पाहिला. तो होता. कुठेही गेलेला नव्हता. फक्त सकाळपासून तो तिच्या अंगावर चढून बसला होता, आणि आता तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि त्या दोघांच्या मधे काहीही पडलेलं नव्हतं.